चालू साइट बंद न करता जुन्या पीएचपीवरून लॅराव्हेलवर: मामांच्या वर्कशॉपचा अनुभव

मोबाईलवर एखाद्या जुन्या वेबसाइटवर गेलात की वरच्या पट्टीतला पत्ता एकदा पूर्ण वाचा. टिंब आणि त्यापुढे पीएचपी ही तीन अक्षरं दिसली, तर बहुतेक वेळा तुम्ही कुणीतरी हाताने लिहिलेली एक फाइल थेट उघडलेली असते. कॉलेजचा निकाल, पतसंस्थेचं खातं, एखाद्या दुकानाची ऑर्डर, अशा कितीतरी साइट्स अजून याच पद्धतीवर चालतात. त्यातली एक मी स्वतः लिहिली होती, २०१६ मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आणि २०२४ च्या जूनपासून मी तीच साइट एकेक पान करत लॅराव्हेल या फ्रेमवर्कवर नेतोय. हे कसं केलं आणि कुठे कुठे तोंडावर आपटलो, ते आज सांगतो.

साइट माझ्या मामांच्या वर्कशॉपची. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला, त्यांचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, बाकी लेथ. कंपन्यांचा माल चलानावर येतो, मशीनिंग होतं, माल परत जातो. ग्राहक दिवसातून दहा वेळा फोन करायचे, "आमचं काम झालं का?" म्हणून मी साइट केली. चलान नंबर टाका, काम कुठवर आलं ते बघा. लॉगिन केलं की बिलंही दिसणार. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघत बघत पंधरा दिवसांत उभी केली. मामा खूश, आणि मला वाटलं आपण डिग्रीच्या आधीच इंजिनिअर झालो.

जून २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. होस्टिंगवाल्यांचा मेल आला की सर्व्हरवरचं जुनं पीएचपी बंद होणार. आणि मामांना एका ग्राहकाचा फोन आला, "शेठ, चलान नंबरातला शेवटचा आकडा चुकला आणि मला भलत्याच कंपनीचे दर दिसले."

जॉबवर्कच्या धंद्यात दर ही सगळ्यात नाजूक गोष्ट. शेजारशेजारच्या दोन कंपन्यांना सारख्याच कामाचे वेगवेगळे दर असतात, आणि ते एकमेकांना कळू नयेत यावरच अर्धा धंदा उभा असतो. मामा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तूच केलंयस ना? मग तूच निस्तर."

फ्रेमवर्क म्हणजे नक्की काय?

पीएचपी वाईट आहे म्हणून हे सगळं झालं, असं अजिबात नाही. रास्मस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी ते लिहायला घेतलं आणि १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. विकिपीडिया आजही पीएचपीवर चालतो, वर्डप्रेसही. एक फाइल लिहा, सर्व्हरवर टाका, झालं चालू! हा सोपेपणा हाच त्याचा गुण. आणि माझ्यासारख्या नवशिक्याच्या हातात तोच धोका.

एमआयडीसीतलंच उदाहरण घेऊ. साधी पीएचपी साइट म्हणजे रस्त्याला लागून असलेले गाळे. प्रत्येक गाळ्याला वेगळं शटर, वेगळं कुलूप. माझ्या साइटमध्ये ४३ फाइली होत्या, म्हणजे ४३ शटर. प्रत्येक फाइल स्वतः डेटाबेसला जोडून घ्यायची, आलेला माणूस कोण हे स्वतः तपासायची, किंवा तपासायला विसरायची. फ्रेमवर्क म्हणजे कंपाउंड घातलेली कंपनी. गेट एकच. तिथे वॉचमन, रजिस्टर, गेटपास. आत कुणालाही भेटायचं असलं तरी आधी गेटवर नोंद. फ्रेमवर्कमध्ये साइटवर येणारी प्रत्येक विनंती आधी एकाच फाइलकडे येते, आणि ती ठरवते की पुढे कुणाकडे पाठवायची.

आता माझ्या जुन्या कोडमधली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. पत्त्यात आलेला चलान नंबर मी जसाच्या तसा डेटाबेसला विचारायच्या वाक्यात चिकटवत होतो. म्हणजे गेटपासवर पाहुण्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, "साहेबांना भेटायचंय, आणि मला सगळी कपाटं उघडून द्या," आणि वॉचमनने मुकाट्याने ते पाळायचं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. लॅराव्हेलच्या नेहमीच्या पद्धतीने लिहिलं तर वाक्य वेगळं आणि त्यात भरायची किंमत वेगळी पाठवली जाते, त्यामुळे पाहुण्याचं लिखाण हुकूम बनत नाही.

पण एक लक्षात घ्या. आकडा बदलून दुसऱ्याचे दर दिसणं, हे भोक कुठलंही फ्रेमवर्क आपोआप बुजवत नाही. हे चलान या ग्राहकाचं आहे का, हा प्रश्न आपणच लिहावा लागतो. फ्रेमवर्क फक्त तो लिहायला एक ठरलेली जागा देतं. म्हणूनच मी त्याच रात्री, जुन्या कोडमध्येच, त्या पानावरून दर काढून टाकले. घरात पाणी गळत असताना आधी नवीन घराचा नकाशा काढत बसायचं नसतं.

सगळं पाडून नवं का नाही केलं?

केलं होतं. २०२२ मध्ये. तेव्हा पुण्यात नोकरी लागून काही वर्षं झाली होती, अंगात जोर होता. म्हटलं, हा जुना कचरा फेकून देऊ आणि कोऱ्या फोल्डरपासून सुरू करू. चार महिने शनिवार-रविवार घातले. इकडे मामांचं काम थोडंच थांबलं होतं? चलानावर गाडी नंबर हवा, बिलात पीओ नंबर हवा, असं काहीतरी दर आठवड्याला निघायचं, आणि ते चालू साइटवर म्हणजे जुन्यातच करावं लागायचं. मग तेच परत नव्यात. नवी साइट कायम महिनाभर मागे. शेवटी मी ती सोडून दिली. चार महिन्यांतली एक ओळही मामांच्या ग्राहकाने कधी बघितली नाही.

मी एकटाच नाही, हे नंतर वाचून कळलं आणि जरा बरं वाटलं. नेटस्केप नावाचा ब्राउझर एके काळी राजा होता. १९९७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, त्यानंतर कंपनीने कोड पुन्हा पहिल्यापासून लिहायचा घाट घातला. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, सहावी आली ती २००० च्या नोव्हेंबरमध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने मैदान मारलं होतं.

याच्या उलट एक रस्ता आहे. मार्टिन फाउलर यांनी त्याला नाव दिलं, स्ट्रँग्लर फिग. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात त्यांनी अशी झाडं बघितली होती, जी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर उगवतात, मुळं खाली सोडतात आणि हळूहळू मूळ झाडाची जागा घेतात. आपल्याला याचं काय कौतुक! आंब्यावर वाढलेला वड आपण लहानपणापासून बघतो. साइटचंही तसंच करायचं. जुनी चालू राहू द्यायची, तिच्याच अंगावर नवी उगवू द्यायची, एकेक पान नव्याकडे द्यायचं. काही बिनसलं तर फक्त तेवढंच पान मागे घ्यायचं.

पहिलं काम: जुनंच नव्या पीएचपीवर चालवा

लॅराव्हेल ११ ला पीएचपी ८.२ किंवा त्यापुढचं लागतं. माझा कोड पीएचपी ५.६ चा, ज्याची सुरक्षा दुरुस्ती २०१८ अखेरच बंद झाली होती. दोन्ही एकाच सर्व्हरवर नांदायचे तर जुन्याला आधी वर आणायला हवं.

सुरुवातीला सगळा कोड गिटमध्ये टाकला. त्याआधी मी फाइली थेट होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडून बदलायचो, हसू नका. मग सर्व्हरचा महिन्याभराचा लॉग काढून बघितलं, कुठली फाइल खरोखर उघडली जाते. ४३ पैकी फक्त १९! बाकी ‘इंडेक्स नवीन’, ‘इंडेक्स नवीन दोन’, ‘इंडेक्स फायनल’ असलेच प्रकार. त्या २४ फाइली बाजूला काढल्या. हे एवढं एक काम केलं तरी निम्म्याहून जास्त ओझं उतरतं, तेव्हा ते आधी करा.

डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरलाच काढून टाकली गेली होती. ती १९ फाइलींत शंभरेक ठिकाणी होती. एकेक बदलण्याऐवजी मी त्याच नावांची स्वतःची फंक्शन्स लिहिली, जी आतून नव्या पद्धतीने बोलतात. जुगाडच, पण तात्पुरता. साइट उठून उभी राहिली.

आणि तिसऱ्या दिवशी सुप्याहून टेम्पो आला. ग्राहकाला साइटवर ‘माल तयार’ दिसत होतं. मालाला अजून मशीन लागलंही नव्हतं. ड्रायव्हर गेटवर तास-दीड तास बसून रिकामा परत गेला. भाडं मामांनी दिलं.

कारण ऐका. काम सुरू झालेलं नसलं की त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसायचं, तो कोरा. माझा कोड विचारायचा, हा शून्याबरोबर आहे का? असेल तर ‘नोंद झाली’. एक असेल तर ‘मशीनवर’. यातलं काहीच नसेल तर ‘तयार’. जुन्या पीएचपीत कोरा मजकूर आणि शून्य बरोबर धरले जायचे. पीएचपी ८ मध्ये, म्हणजे २०२० च्या नोव्हेंबरपासून, हा नियम बदलला. कोरा म्हणजे शून्य नाही. त्यामुळे सगळी कोरी कामं थेट ‘तयार’मध्ये जाऊन बसली. कुठे एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. साइट अगदी आत्मविश्वासाने खोटं बोलत होती.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही पानाला हात लावण्याआधी ५० चलान नंबर घ्यायचे, जुनं पान त्यांच्यासाठी काय दाखवतं ते साठवून ठेवायचं, आणि बदलानंतर तेच ५० परत काढून ओळ न् ओळ ताडून बघायच्या. हे काम एक छोटी स्क्रिप्ट दोन मिनिटांत करते. आधीच केलं असतं तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं.

जुनं आणि नवं एकाच दारातून

आता गंमत. लॅराव्हेलच्या पब्लिक फोल्डरमध्ये अपाचे सर्व्हरसाठी एक नियमांची फाइल तयारच येते. तिचा मुख्य नियम असा: मागितलेली फाइल इथे खरोखर असेल तर ती दे, नसेल तर लॅराव्हेलला विचार. म्हणजे मी जुन्या १९ फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या, की साइट पहिल्यासारखी चालते. लॅराव्हेल मागे नुसतं बसून. मग एक पान लॅराव्हेलमध्ये लिहायचं, त्याला तोच जुना पत्ता द्यायचा, शेवटच्या पीएचपीसकट, आणि जुनी फाइल तिथून उचलायची. त्या क्षणापासून तोच पत्ता नव्याकडे जातो. बिघडलं? जुनी फाइल परत ठेवा. एनजिनएक्स सर्व्हर असेल तर हा नियम तुम्हाला स्वतः लिहावा लागेल.

पत्ता तोच ठेवण्यावर मी एवढा अडून का बसलो? कारण २०२० पासून मामांच्या प्रत्येक चलानावर क्यूआर कोड छापलेला आहे, आणि ती चलानं कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या फाइलींत लावलेली आहेत. कागदावर छापलेला पत्ता बदलता येत नाही. मराठी माणसांना ओळखीचं उदाहरण द्यायचं तर मायबोलीचं. १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेलं हे संकेतस्थळ पुढे ड्रुपलवर आलं, पण जुनं हितगुज वाचण्यापुरतं तसंच ठेवलं गेलं.

पहिलं पान अर्थातच चलानाचं हलवलं. क्यूआर स्कॅन केला की आता फक्त काम कुठवर आलं ते दिसतं. दर बघायचे तर लॉगिन, आणि लॉगिन केलेल्या कंपनीचंच चलान असेल तरच.

इथे लॉगिनची एक अडचण येते. जुना कोड माणसाची ओळख पीएचपीच्या स्वतःच्या सेशनमध्ये ठेवतो, लॅराव्हेलचं सेशन वेगळं. म्हणजे ग्राहक जुन्या पानावर लॉगिन करून नव्यावर गेला, की नवं पान विचारणार, आपण कोण? मी लॅराव्हेलच्या गेटवर एक छोटा तपासनीस बसवला, मिडलवेअर म्हणतात त्याला. तो आधी जुनं सेशन उघडून बघतो, तिथे ग्राहकाची ओळख असेल तर लॅराव्हेललाही सांगतो की हे आपलेच. लॉगिनचं पान मी मुद्दाम सगळ्यात उशिरा हलवायला ठेवलं.

पासवर्डही असेच हळूहळू बदलले. २०१६ मध्ये मी ते एमडी५ने साठवले होते, आणि तेही तेव्हा जुनाटच होतं. मूळ पासवर्ड आपल्याकडे नसतात, त्यामुळे एका रात्रीत सगळे नव्या पद्धतीत आणता येत नाहीत. पण ग्राहक लॉगिन करतो त्या क्षणी तो पासवर्ड हातात असतो. जुन्या पद्धतीने जुळला की लगेच नव्या पद्धतीने साठवायचा आणि जुना पुसायचा. तीन महिन्यांत जवळजवळ सगळे आले. उरलेल्या सहा जणांना मामांनी फोन केला.

मराठी नावांचा घोळ

हा भाग इंग्रजी लेखांत फारसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॅराव्हेलचं पहिलं पान उघडलं आणि सगळ्या मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग. जुन्या पानावर तीच नावं व्यवस्थित. मला आधी वाटलं, डेटा गेला.

गेला नव्हता. माझा जुना डेटाबेस लॅटिन १ या लिपीसंचात होता, ज्याला फक्त युरोपातली अक्षरं कळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ ८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘शिंदे’ म्हणजे श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा, अशी पाच चिन्हं, १५ बाइट. डेटाबेसला वाटलं, ही १५ वेगवेगळी युरोपीय अक्षरं आहेत, आणि त्याने ती तशीच ठेवली. काढताना त्याच दाराने काढली की ब्राउझर परत ‘शिंदे’ जुळवतो. दोन चुका मिळून बरोबर उत्तर, आठ वर्षं! लॅराव्हेल मात्र डेटाबेसला प्रामाणिकपणे सांगतं की मी यूटीएफ ८ बोलतो. मग डेटाबेस बिचारा त्या १५ युरोपीय अक्षरांचं भाषांतर करून देतो, आणि सगळं फिस्कटतं.

यातूनच एक जुनं कोडंही सुटलं. लांब नावं साइटवर कायम अर्धवट दिसायची. तो रकाना ५० अक्षरांचा होता, म्हणजे खरं तर ५० बाइटचा. त्यात देवनागरीची जेमतेम १६ चिन्हं मावतात. ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ असलं काही नावात आलं, की पुढचं कापलंच गेलं. ती नावं मात्र परत हातानेच भरावी लागली.

तात्पुरता उपाय म्हणून लॅराव्हेललाही लॅटिन १ बोलायला लावलं, म्हणजे दोघंही एकच चूक करणार. खरा उपाय केला दिवाळीच्या सुट्टीत, वर्कशॉप बंद असताना. रकान्याचा प्रकार थेट यूटीएफ ८ केला तर डेटाबेस पुन्हा भाषांतर करतो आणि घाण कायमची होते. म्हणून आधी रकाना नुसत्या बाइटचा, म्हणजे बायनरी करायचा, आणि मग त्याला यूटीएफ ८ म्हणायचं. आधी बॅकअपवर करून बघा. मी तीनदा केलं. संपूर्ण कामात साइट मुद्दाम बंद ठेवली ती फक्त तेव्हाच, पाऊण तास.

टेबलांची आणि रकान्यांची नावं मात्र अजून बदललेली नाहीत. तारखा मजकूर म्हणून साठवल्यात, तेही तसंच. डोळ्याला खुपतं, पण जुनी पानं त्याच नावांवर चालतात. घर आणि पाया एकाच वेळी बदलायला गेलं की काय होतं, ते २०२२ मध्ये बघून झालंय.

जीएसटीचा दर आणि विसरलेली फाइल

जुन्या कोडमध्ये कराचा दर सहा फाइलींत हाताने लिहिलेला होता. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या जॉबवर्कचा जीएसटी १८ टक्क्यांवरून १२ झाला, तेव्हा सहाही ठिकाणी बदलला होता. आता लॅराव्हेलमध्ये तो एकाच जागी, तारखेसकट ठेवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो परत १८ झाला. मी एक ओळ वाढवली, चहा प्यायलो, विषय संपला.

चार दिवसांनी मामांचा फोन. "अरे, एका बिलावर अजून बारा टक्केच येतंय." मालाचा काही भाग परत आला की जे दुरुस्त बिल निघतं, ती फाइल अजून जुनीच होती. महिन्यातून एक-दोनदा वापरात येते, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती आणि त्यातही दर लिहिलाय हे साफ विसरलो होतो. अर्धवट हलवलेल्या साइटची ही खरी किंमत. एकच गोष्ट काही दिवस दोन घरांत राहते. तेव्हापासून मी एक साधी वही ठेवलीय, कुठला नियम अजून कुठल्या जुन्या फाइलीत आहे याची. ते बिल बदलून दिलं आणि ती फाइल त्याच आठवड्यात हलवली.

१९ पैकी आता दोन फाइली उरल्यात. एक लॉगिनची, ती पुढच्या महिन्यात. दुसरी महिनाअखेरचा तक्ता काढणारी, जी मामा स्वतः वापरतात. तिच्यात एका आत एक असे सात ‘जर-तर’ आहेत, आणि त्यातला पाचवा कशासाठी आहे हे मला आता आठवत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे, आकडे बरोबर येतायत." ५० ऐवजी गेल्या २४ महिन्यांचे तक्ते साठवून ठेवलेत. नव्यातून काढलेल्यांपैकी २३ जुळतात.